नमुना सही

ब्रेमेनमधलं माझं खातं उघडलं साडेआठ मिनिटांत,
आंघोळीआधी, केस न विंचरता.
डावीकडे बघा, म्हणाला फोन. उजवीकडे. डोळे मिटा. उघडा.
मी मीच आहे हे त्यानं तिथल्या तिथे मान्य केलं
आणि आठवड्यात पोपटी कार्ड आलं,
त्यावर नावसुद्धा नाही.
त्या बँकेला दार नाही, शिपाई नाही,
जेवणाची सुट्टी नाही.

घरमालकीण म्हणाली, हा खातेक्रमांक लिथुआनियाचा दिसतो,
मी भाडं इथल्याच बँकेतून घेते.
इथली बँक म्हणाली, आधी राहता पत्ता दाखवा.
पत्ता घरमालकिणीच्या हातात.
तीन आठवडे मी रसवंतीच्या चरकातलं चिपाड,
दुमडून पुन्हा आत.
शेवटी एका सहकाऱ्यानं स्वतःच्या घरचा पत्ता दिला, तेव्हा सुटले.

राहिलं तिसरं खातं. अमळनेरचं,
अकरावीत स्कॉलरशिपसाठी काढलेलं.
ते बंद करायचं ठरवूनच आले यंदा मे महिन्यात,
चव्वेचाळीस डिग्रीत, तोंडाला स्कार्फ बांधून.
बंद करा नाहीतर परदेशस्थाचं करून चालू ठेवा,
दोन्हीसाठी फॉर्म एकच
आणि अटही एकच. सही जुळली पाहिजे.

लोटनआप्पा शिसोदे, निवृत्तीला सात महिने उरलेले,
चष्मा कपाळावर सारून स्क्रीनकडे बघतात, मग कागदाकडे.
"हाई तुनी सही नही शे, बेटा."
"माझीच आहे, आप्पा."
"तू तीच शे, माले माहीत शे. तुना बापले बी वळखस मी.
पन सही तुनी नही शे."

खरंच होतं. ब्रेमेनमध्ये मी सही करते ती इंग्रजीत,
बोटानं, पार्सलवाल्याच्या काचेवर,
एक वेलांटी आणि पुढे नुसती घसरगुंडी.
सतराव्या वर्षी कशी करायचे?
तीन चिठ्ठ्या वाया घालवल्या.
आप्पा प्रत्येक वेळी मान हलवत, दुखावल्यासारखे.
त्या खोलीत माझा चेहरा सगळ्यांना पाठ होता
आणि कोणाच्या काही उपयोगाचा नव्हता.

भूपेश मला न्यायला आला, गाडीची किल्ली बोटात फिरवत.
चिठ्ठ्या बघून हसला. "दे आठे."
पेन सुतळीनं बांधलेलं, म्हणून तो वाकला
आणि एका दमात लिहिलं, अश्लेषा हि. भदाणे,
श्ले ची गाठ घट्ट,
शेवटच्या णे ची मात्रा पार मागे ओढलेली,
सगळ्या नावावर पत्र्याची पडवी टाकावी तशी.
तीच. अगदी तीच.

पासबुक छापून आलं तेव्हा कळलं.
दर एप्रिलला रोख जमा, शंभर.
सात एप्रिल.
भरणाराच्या सहीच्या जागी मी.

त्याच्या मोबाइलच्या दुकानात नोट दिसत नाही,
सगळा धंदा क्यूआरवर.
तरी शेजारच्या भेळवाल्याकडून शंभराची नोट मागून
हा इथे रांगेत उभा राहायचा, माझं नाव गिरवायला.
"काबरं रे?"
"खातं झोपी जास ना, कोनी हात नही लावा तर."
आणि मग, खाली बघत,
"तुनं काहीतरी आठे चालू राहाले पाहिजे."
आप्पांनी एकदम कूलरचं पाणी तपासायला घेतलं.

फॉर्मच्या मागे मी माझी सही शिकले, भावाकडून.
मात्रा अजून मागे, म्हणाला, अजून. घाबरू नको.
पाचव्या वेळी आप्पा म्हणाले, "आते जमनं,"
आणि शिक्का इतक्या जोरात मारला
की शेजारच्या काउंटरवरची टाचण्यांची डबी हलली.
बंद करण्याचा चौकोन
तसाच कोरा राहिला.

रात्री गच्चीवर, तिकडचं वीजबिल भरायला, फोन उघडला.
डावीकडे बघा.
अंधारात माझा चेहरा त्याला सापडेना.
पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा.
भूपेश गादीवरून उठला, जांभई देत,
आणि माझ्या तोंडावर टॉर्च धरला.